तंबाखूचा कॅन्सर सरकारी कार्डावर, हे बरोबर आहे का?

निपाणीकर:
एकाने वीस वर्षं तंबाखू-चुना मळला, आता त्याला गालाचा कॅन्सर, ऑपरेशन बीपीएल कार्डावर फुकट. शेजारी एपीएलवाला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, हार्टसाठी खिशातून भरतोय. हा कुठला न्याय? खाजगी विम्यात किमान ज्याचं त्याला भोगावं लागतं.

सिव्हिलची पायरी:
आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला पॅकेज दराच्या (उपचाराच्या ठरलेल्या दराच्या) ३० टक्के, वर्षाची मर्यादा दीड लाख. पॅकेज १ लाखाचं धरलं तर ७० हजार तुमचे. फरक पडतो तो रेशन कार्डावरून. व्यसनाचा रकानाच नाही. आणि रेफरल चिठ्ठी आधी घ्या. लोक थेट खाजगीत ॲडमिट होतात, पैसे भरतात, मग चिठ्ठीसाठी सिव्हिलला पळतात. चिठ्ठीशिवाय फक्त इमर्जन्सी चालते.

फॉर्म वाचा:
खाजगी विम्याचं म्हणणं अर्धंच खरं. एजंट फॉर्मवर तंबाखूपुढे 'नाही' लिहून मोकळा होतो. ॲडमिट करताना डॉक्टर सवयी विचारतात, केस पेपरवर 'तंबाखू, २० वर्षं' लिहितात आणि क्लेम त्याच ओळीवर अडकतो. म्हणजे शिक्षा खाल्ल्याची नाही, लपवल्याची. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या. सलग ६० महिने पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय त्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

चिकोडी रोड:
निपाणीत बसून हा प्रश्न! पिकवणारा, विकणारा, वर कर घेणारं सरकार, हे सगळे सुटले आणि खाणारा एकटा सापडला? विड्या वळणाऱ्या बायका तर न खाताच तंबाखूची धूळ ओढतात. त्यांना कुठल्या रकान्यात घालणार? जबाबदारी विचारायचीच तर ऑपरेशनच्या दारात नको, आधी विचारा. तिशीवरच्यांची तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. लवकर सापडलं तर बहुतेकदा ऑपरेशनवर भागतं. उशीर झाला की जबडाही काढावा लागतो, वर रेडिएशन.

निपाणीकर:
पटलं थोडंफार. पण एपीएलवाल्याचं काय?

सिव्हिलची पायरी:
सहकारी सोसायटीचा सभासद असेल तर कर्नाटकाची यशस्विनी आरोग्य योजना बघा, तिचीही मर्यादा ५ लाख. नोंदणी ठराविक मुदतीतच होते, आजार निघाल्यावर धावून उपयोग नाही. शिवाय महाराष्ट्राने ८६५ सीमागावांना महात्मा फुले योजना लागू केली आहे. गाव यादीत आहे का ते आधी पाहा, मगच कोल्हापूर-मिरजेची गाडी धरा.