मदत हवी आहे: मिक्सरवरून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग. हेडफोनवर आवाज आहे, मोबाइलवर गायब

नमस्कार मंडळी,

वडिलांची भजनं घरीच रेकॉर्ड करायला घेतली आहेत आणि एका जागी पुरता अडकलोय. साउंडमधल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

आम्ही कोल्हापूरचे, शुक्रवार पेठेतले. वडील ७८ वर्षांचे आहेत. चाळीसेक वर्षं पेठेतल्या भजनी मंडळात गातात, आषाढीला नंदवाळच्या दिंडीत अजूनही चालतात. काकड्याच्या काही चाली आता मंडळात त्यांच्याशिवाय कुणाला पूर्ण येत नाहीत. गेल्या थंडीत खोकल्यानं त्यांचा आवाज महिनाभर बसला, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. पुढच्या काकड्याच्या आत सगळ्या चाली नोंदवून ठेवायच्या असं ठरवलंय.

सामान एवढंच: मंडळाचा सहा चॅनलचा मिक्सर, दोन डायनॅमिक माईक (एक वडिलांना, एक पेटीला) आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर.

मिक्सरला यूएसबीचं सॉकेट आहे, म्हणून आधी तिथून वायर लावली. कॉम्प्युटरला काहीच दिसेना. नंतर कळलं की ते फक्त पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवायला आहे. मग शाहूपुरीतून एक वायर आणली, एका टोकाला मोठी पिन, दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या हेडफोनची असते तशी. लॅपटॉपला एकच सॉकेट, त्याला ती वायर म्हणजे हेडफोन वाटला. शेवटी पुतण्याचा जुना डेस्कटॉप काढला. मागच्या गुलाबी सॉकेटमध्ये आवाज फाटका, चरचरीत. निळ्यात घातली तेव्हा नीट आला, फक्त मागं बारीक घूं राहिली.

तीन संध्याकाळी बसून अकरा अभंग झाले. हेडफोनवर ऐकले, चांगले वाटले. आवाज मधोमध न बसता दोन्ही कानांच्या बाहेर पसरल्यासारखा होता, पण मी म्हटलं, असेल. गडहिंग्लजला आत्याला पाठवले, तर तिचा फोन, "अरे, ह्यात नुसतं घूं वाजतंय." वडिलांच्या मोबाइलवर लावून बघितलं, तिथंही तेच. वडील मोबाइल कानाला लावून म्हणाले, "माझा आवाज कुठं गेला रं?"

तिसऱ्या दिवसानंतर त्यांचा घसा दोन दिवस दुखत होता. त्यांना परत पहिल्यापासून गायला सांगायची माझी हिंमत होईना. हे अकरा अभंग गेले का?

प्रतिसाद

घाबरू नका आणि काही पुसू नका. दोन गोष्टी सांगा: वायर मिक्सरच्या कुठल्या आउटला लावली होती? आणि मोठ्या पिनेवर काळ्या रिंगा किती, एक की दोन?

धागाकर्ता

मेन आउटच्या डाव्या सॉकेटला. खाली बॅलन्स्ड असं लिहिलंय. काळ्या रिंगा दोन.

प्रतिसाद

मग उलगडलं. अभंग जिवंत आहेत.

बॅलन्स्ड आउटमधून एकच आवाज दोन तारांवर निघतो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. एकीवर लाट जेवढी वर जाते, त्याच क्षणी दुसरीवर तेवढीच खाली. तिसरी तार अर्थची. पुढचं बॅलन्स्ड इनपुट ह्या दोघींची वजाबाकी करतं. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच असते, ती वजाबाकीत उडते आणि आवाज दुप्पट होतो. माईकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर वायरमध्येही हेच चालतं: १ नंबरची पिन अर्थ, २ सुलटी, ३ उलटी.

निळं लाइन-इन मात्र बॅलन्स्ड नाही, स्टीरिओ आहे. पिनेच्या टोकावरची तार त्यानं डावा चॅनल धरली आणि दोन काळ्या रिंगांमधल्या धातूच्या रिंगेवरची उजवा. त्यामुळे डाव्या कानात वडील सुलटे, उजव्यात उलटे. हेडफोनवर दोन्ही कान वेगळे म्हणून ऐकू येतं, फक्त तुम्हाला जाणवलं तसं पसरट. एका स्पीकरचा मोबाइल दोन्ही चॅनलची बेरीज करतो, आणि सुलटं अधिक उलटं म्हणजे शून्य. घूं दोन्ही चॅनलवर एकाच बाजूची, म्हणून ती तेवढी मागं राहिली. (काही मिक्सर ह्या धातूच्या रिंगेवर आवाज सोडतच नाहीत. तसं असतं तर तुम्हाला एकाच कानात ऐकू आलं असतं.)

आता त्या निळ्या सॉकेटनं न केलेली वजाबाकी तुम्ही करायची. मूळ फाइलची प्रत ठेवा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्प्लिट स्टीरिओ टू मोनो करा. दोन्ही पट्ट्या ॲम्प्लिफायमध्ये उणे ६ डेसिबलनं उतरवा, नाहीतर बेरजेत आवाज फाटेल. खालची पट्टी निवडून इफेक्टमधून इन्व्हर्ट करा. मग दोन्ही निवडून मिक्स अँड रेंडर. आवाज भरून येईल आणि घूंसुद्धा बरीच खाली जाईल.

गुलाबी सॉकेट माईकचं, त्याला काही मिलिव्होल्टची सवय. मिक्सरचं आउट व्होल्टाच्या घरात जातं, म्हणून तिथं फाटलं. पुढच्या वेळी मिक्सरच्या टेप आउट किंवा रेक आउटमधून आरसीएची वायर काढा, एका टोकाला लाल-पांढऱ्या पिनांची, आणि दुसरं हेडफोनसारख्या पिनेचं टोक निळ्यात घाला. वडिलांच्या चॅनलचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे नेणारी कळ) पूर्ण डावीकडे, पेटीचा पूर्ण उजवीकडे. म्हणजे दोन पट्ट्या वेगळ्या मिळतील आणि पेटी नंतर हवी तेवढी कमी करता येईल. शेवटी दोन्ही मोनो करून मधोमध आणा.

घूं येते ती अर्थच्या फेऱ्यामुळे (मिक्सर आणि कॉम्प्युटर दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडले गेले की होतो तो), ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली. मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. प्लगची अर्थची पिन मात्र कुणी काहीही सांगितलं तरी काढू नका, जिवाशी खेळ आहे.

प्रतिसाद

आमचा साउंडचा धंदा हाय, जत्रा, कीर्तनं, सगळं करतो. वरच्या साहेबांनी कनेक्शनचं बरोबर सांगितलंय, मी माईकचं सांगतो.

वडिलांना बसून गाऊ द्या, त्यांची सवय मोडू नका. माईक तोंडापासून एक वीत, जरा बाजूनं. चार बोटांवर आणला तर आवाज घुमतो आणि प-फ ची फुंकर बसते. लो कट ८० हर्ट्झचं, म्हणजे खालची घुमघुम कापायचं, बटण असलं तर दाबा, ते पेटीच्या चॅनलवर नको. फँटम पॉवर, म्हणजे मिक्सर माईकला वायरीतून देतो ती वीज, डायनॅमिकला लागत न्हाई, बंद ठेवा.

गेन, म्हणजे माईकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते, लावताना त्यांना अभंगातली सगळ्यात वरची ओळ म्हणायला सांगा, पहिली ओळ न्हवं. बुजुर्ग माणूस पहिल्यांदा जपून गातो, रंगात आला की आवाज दुप्पट सोडतो. ऑडॅसिटीच्या मीटरवर एरवी उणे १२ डेसिबलच्या आसपास, तारसप्तकात उणे ६ पर्यंत. शून्याला टेकला तर तो भाग परत दुरुस्त होत न्हाई.

पंखा बंद. समोरच्या भिंतीला गोधडी टांगा. विंडोजमध्ये रेकॉर्डिंगच्या सेटिंगला जाऊन ते एन्हान्समेंट का काय ते सगळं बंद करा. ते पेटीचा लांब सूर गोंगाट समजून खातंय, माझा अनुभव हाय.

आणि पुढंमागं पैसं झालं तर दोन माईकचा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माईक थेट कॉम्प्युटरला जोडायची पेटी, घ्या, स्कार्लेट २आय२ सारखा. माईक थेट त्यात, मिक्सर मंडळाला परत. पण त्यासाठी थांबू नका. आवाज आज हाय तर आज घ्या.

धागाकर्ता

काल रात्री जेवणं झाल्यावर पहिला अभंग उघडला आणि सांगितल्याप्रमाणे केलं. इन्व्हर्ट, मग मिक्स. प्लेचं बटण दाबलं आणि वडील एकदम मधोमध येऊन बसले. अंतऱ्याआधी ते श्वास घेतात तो ऐकू येतोय, पेटीचा भाता मिटतानाचा फटकाही. घूं कान दिल्याशिवाय कळत नाही. अकराही नीट झाले. आत्याला परत पाठवले. तिनं सकाळी फोन करून फक्त शेवटच्या अभंगाची चाल गुणगुणून दाखवली, त्यांच्या आईच्या तोंडची आहे म्हणाली. हे वडिलांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

दोघांचेही मनापासून आभार. आरसीएची वायर आणली आहे, बोर्डही एकच केलाय. आज संध्याकाळी बाराव्या अभंगाला बसतोय. ह्यात टाळ लागतो, आणि तिसरा माईक नाही. टाळकऱ्याला कुठं बसवू?

प्रतिसाद

वडिलांच्या समोर बसवा, पाच-सहा फुटांवर. माईकचं तोंड वडिलांकडं, पाठ टाळाकडं. हे माईक बहुतेक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी घेतात. तरी टाळ येईल, येऊ द्या. फक्त टाळकऱ्याला सांगा, शेवटच्या ओळीला जोर चढला तरी जागेवरून पुढं सरकू नका.