टीव्हीवरची विनोदी घरं आणि आपलं घर : अनुभव सांगा

राजारामपुरीकर
रविवारी जेवता जेवता आजी मधेच म्हणाली, "टिपरे लागलं काय रं?" मालिका संपून जमाना झाला. पण मला सगळं आठवलं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ ला अल्फा मराठीवर सुरू झालं, तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका सगळे एकमेकांच्या पायात, तसंच आमचं. कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नव्हतं. पप्पा फोनच्या बिलावरनं आठवडाभर ओरडायचे आणि टिपऱ्यांच्यातली खर्चाची कटकट बघून तेच सगळ्यात जास्त हसायचे. आताच्या मालिकेतल्या घरात जिना दिसतो, झाडलोट करणारं कोण दिसत नाही.
तुमच्या घराचं कुठल्या मालिकेशी जमायचं? लिहा.

जुना खोंड
टिपऱ्यांतले आबा म्हणजे आमचे चिमणराव! सत्तरच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागायचं, त्यात दिलीप प्रभावळकर (टिपऱ्यांतले आबा तेच) चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्याकडं टीव्ही कुठला, सुट्टीत मुंबईला मामाकडं बघायचं, तेही शेजाऱ्यांच्या दारात बसून. तोच माणूस वीसेक वर्षांनी आजोबा होऊन आला, आणि मीबी तवर सासरा झालतो.

पेठेतली सून
तू तू मैं मैं!! रीमा लागू आणि सुप्रिया. सासूबाई आणि मी शेजारी बसून बघायचो. ती सासू काय बोलली की ह्या माझ्याकडं बघून हसायच्या, सून उलटून बोलली की मी. दिवसभराचं जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते तिथं निघायचं. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

मावळा_०९
श्रीमान श्रीमती कुणाला आठवतंय का. त्यातला दिलरुबा घरी बसून घर सांभाळायचा, बायको सिनेमात. वडील म्हणायचे, "ह्यो कसला गडी!" आज त्यांचा जावई भाकऱ्या थापतो, आणि वडील दोन जास्त खातात 😂

राजारामपुरीकर
@मावळा भाकऱ्या फुगतात काय पण?

मावळा_०९
माझ्यापेक्षा बऱ्या

नंदिनी_शाहूपुरी
विनोदी नाही, पण 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या राणादाचा वाडा बघायला वसगडेला कोण कोण गेलतं? पाहुणे आले की आधी अंबाबाई, मग वाडा. पार वैताग. माफ करा, विषय सोडून झालं.

गंगावेसचा दूधवाला
जाऊन आलोय. गर्दी लई.

मीनल
'साराभाई व्हर्सेस साराभाई'. २००४. सासू माया त्या सुनेला, मोनिषाला, ऊठसूट 'मिडल क्लास' म्हणायची तशी आमच्या सासूबाई मला 'पुण्याची' म्हणतात. मिक्सरातलं वाटण बघितलं की चेहरा असा करतात, जणू मी पांढऱ्या रश्श्यात साखर घातली. पाट्यावरचंच पाहिजे. पण माझं ऑफिस सुटायला उशीर झाला तर दारात उभ्या असतात, हे पण खरं. माया उभी राहिली नसती बहुतेक.

पेठेतली सून
पाट्यावरचंच चांगलं लागतं पण 🙈

साधा गडी
तारक मेहता २००८ पासनं चालू हाय. पोरगं जन्माला यायच्या आधीपासनं, आता ते दहावीला. जेठालालची बायको दया २०१७ पासनं माहेरी. आमची ही चार दिवस गेली की मी फोन करतो, तर म्हणते "जेठालाल बघा कसा सोसतोय."

जुना खोंड
ये जो है जिंदगी (१९८४) राहिलं की. सतीश शहा दर भागात नवा माणूस. आणि बायकोचा भाऊ घरातच ठाण मांडून. आमच्यात साडू होता, पण तसा विनोदी नव्हता.

मीनल
@पेठेतली सून ताई, पाट्याला टाकी लावणारं कुणी आहे का तुमच्याकडं? आमचा पार गुळगुळीत झालाय.

पेठेतली सून
एक मावशी येतात गल्लीत, कधी येतील सांगता येत नाही. आल्या की कळवते, पाटा दारात काढून ठेव. जड आहे काय गं लई?