गोळ्या बंद करण्याआधी डॉक्टरांनी विचारायचं कुणाला?
दिवस गेल्यावर नैराश्याच्या गोळ्या तडकाफडकी बंद करायला लावणारे डॉक्टर निष्काळजी असतात, हे मत मला पटत नाही. बहुतेक जण धास्तावलेले असतात आणि विचारायला जवळ कुणी नसतं. इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१४ पासून यासाठीच ‘एमसीपॅप फॉर मॉम्स’ ही सेवा आहे. फोन पेशंटने नाही, तिच्या डॉक्टरने किंवा नर्सने करायचा. सहसा अर्ध्या तासात मानसोपचारतज्ज्ञांचा उलट फोन येतो. पेशंटचा विमा कुठला, हे आड येत नाही.

मी प्रसूती क्लिनिकमध्ये नर्स आहे. एका बाळंतिणीचे बाळंतपणातलं नैराश्य ओळखण्याच्या एडिनबरा प्रश्नावलीत (दहाच प्रश्न असतात) बरेच जास्त गुण आले, म्हणजे नैराश्याची शक्यता जास्त. आमच्या डॉक्टर सर्ट्रालीन ही नैराश्याची गोळी लिहून देणारच होत्या. फोनवरच्या तज्ज्ञांनी आधी विचारलं, बाळ झोपल्यावर तरी तिला झोप लागते का? पूर्वी कधी न झोपताही अंगात भलताच उत्साह असायचा, असे दिवस होते का? होते. म्हणजे बायपोलरची (कधी नैराश्य, तर कधी अति उत्साहाचा उन्माद, अशा आजाराची) शक्यता, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. औषधाचा सगळा बेतच बदलला. भारतात टेली-मानस (१४४१६) ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, ती फार मोलाची आहे, पण तिचा रोख मुख्यतः रुग्ण आणि घरच्यांकडे. तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ओपीडीतूनच असा फोन लावता यायला हवा.