मदत हवी आहे : कॅनडाच्या गहू मंडळाची तुलना कशाशी करावी?

नमस्कार. सांगलीतील आमच्या अभ्यास गटासाठी मी कॅनडाच्या गहू मंडळावर टिपण लिहीत आहे. पश्चिम कॅनडातील शेतकऱ्यांना निर्यातीचा गहू अनेक दशके या मंडळामार्फतच विकावा लागे. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारने २०११ मध्ये कायदा करून ही मक्तेदारी १ ऑगस्ट २०१२ पासून संपवली. शेतकऱ्याने आपला माल हवा तेथे विकावा, ही सरकारची भूमिका होती, तर एकत्रित विक्री थांबल्यास मोठ्या धान्य कंपन्यांपुढे एकेकटा शेतकरी टिकणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. सरकारने शेतकऱ्यांचे मतदान घेतले नाही, हा त्यांचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो.

गटातील काहींना येथे आपल्या बाजार समितीची आठवण होते. परंतु समिती स्वतः माल विकत घेत नाही (आपल्याकडील हळदीचे सौदे पाहणाऱ्यांना हे सांगायला नको), त्यामुळे महाराष्ट्राची १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना, जिच्यात शेतकऱ्यांचा कापूस राज्य सरकारच विकत घेई, मला अधिक जवळची वाटते.

मंडळ आधी उचल देई आणि हंगामाअखेर सर्वांच्या विक्रीच्या सरासरीवरून उरलेली रक्कम चुकती करी. कापूस योजनेत अंतिम हिशेब प्रत्यक्षात कसा होत असे आणि पैसे केव्हा हाती पडत, हे त्या काळी कापूस घातलेल्या कोणी, किंवा विदर्भातील नातेवाइकांना विचारून, कृपया सविस्तर सांगावे.