बोंडल्याचा माशीमार: काश्मिरी की नेहमीचा?

ताई, गोव्यातल्या बोंडला अभयारण्यात टिपलेल्या पक्ष्याचा फोटो तुम्ही काश्मिरी माशीमार म्हणून टाकलाय, पण मला तरी तो काश्मिरी वाटत नाही. वरच्या प्रतिक्रियांत एकदोघांनी अभिनंदन करून टाकलंय, म्हणून जरा थांबवतो. फोटोत तांबडा रंग गळ्यावर आणि छातीच्या वरच्या भागातच आहे, खाली पोट पांढरट. हा आपला लाल छातीचा माशीमार. हिवाळ्यात गोव्यात सगळीकडे दिसतो, अगदी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेतसुद्धा. काश्मिरी नराचा तांबडा रंग जास्त गडद असतो, पार कुशीपर्यंत उतरतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी काळी किनार असते. ती किनार आधी शोधायची. शेपटीच्या बुडाचा पांढरा रंग दोघांनाही असतो, त्यावरून काही ठरत नाही. मादी असेल तर मी पैज लावणार नाही!

काश्मिरी माशीमाराचं विणीचं क्षेत्र फारच लहान आहे: काश्मीर आणि पीर पंजाल, साधारण १८०० ते २३०० मीटरवरची पानगळी, मिश्र जंगलं. घरटं झाडाच्या ढोलीत, म्हणजे जुनी झाडं तुटली की ढोल्याही गेल्या. लाकूडतोड, चराई, शेती यांमुळे ही जंगलं कमी होत गेली. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत तो 'असुरक्षित' आहे. सप्टेंबरात तो निघतो आणि हिवाळा मुख्यतः श्रीलंकेच्या डोंगराळ भागात, थोडाफार निलगिरीत काढतो. त्यामुळे गोव्यात शोधायचाच तर ऑक्टोबर नाहीतर मार्चअखेर, जाता-येताना. मोलें, चोर्ला घाट बघा. आणि फोटो समोरून नको, कुशीचा घ्या.