शब्दचर्चा : 'व्हेजिटेशन कव्हर'ला 'वनाच्छादन' म्हणावं का?

उपग्रहांच्या नोंदींवरून चाळीस वर्षांतली झाडी कशी बदलली, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'व्हेजिटेशन कव्हर'ला 'वनाच्छादन' लिहिलं, पण त्यात ज्वारीची शेतंही धरली आहेत. शेताला वन कसं म्हणू?

— म्हणू नकाच. 'वनाच्छादन' हा 'फॉरेस्ट कव्हर'साठी रुळलेला शब्द आहे आणि तोही जपूनच वापरावा लागतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी वनस्थिती अहवाल काढते. तिच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागेवर पर्णछत्राची दाटी १० टक्के किंवा जास्त असली, की झालं वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कुठलं, हे पाहत नाहीत. त्यामुळे दोडामार्गातलं रबर आणि देवगडची आमराईही त्यात बसते. 'वनक्षेत्र' मात्र दफ्तरी नोंदीचा शब्द. तिथली झाडं तुटली तरी कागदावरचं वनक्षेत्र तेवढंच राहतं. बातम्यांत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, त्याचा मला फार त्रास होतो.

— लेख एनडीव्हीआयवर, म्हणजे उपग्रहावरून हिरवाई मोजणाऱ्या निर्देशांकावर आहे का? हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परतवतं. त्या फरकावरून उणे १ ते अधिक १ असा आकडा निघतो. भरातला ऊस आणि दाट जंगल, दोन्हींचा आकडा चढाच. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या नोंदींवरून २०१९ मध्ये भारत अधिक हिरवा झाल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा त्या वाढीतला ८२ टक्के वाटा शेतीचा होता.

— मग 'झाडोरा'?

— शब्द सुरेख, पण त्यात पीक आणि गवत येत नाही. 'हरित आच्छादन' बरा.

— एक विनंती. आकडा कमी दिसला की लगेच 'ऱ्हास' किंवा 'पडीक' लिहू नका. सोलापूरकडचं माळरान उन्हाळ्यात पिवळंच असतं. मेंढपाळांची चराई तिथेच चालते, लांडगा नि माळढोकही तिथलेच. वर्षांची तुलना करताना महिना एकच घेतलाय ना, तेही बघा.

— महिना ऑक्टोबरच आहे, तपासला. 'हरित आच्छादन' घेते. दोन ठिकाणी 'पडीक' लिहिलं होतं, तिथे 'माळरान' करते.