मदत हवी आहे : सी मध्ये वेगवेगळे पॅरामीटर घेणारे फंक्शन पॉइंटर

नमस्कार मंडळी, सांगलीत बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजचा कंट्रोलर प्रोग्रॅम सध्या माझ्याकडे आहे, सी भाषेतला. त्यात कमांडचा एक ॲरे आहे, म्हणजे फंक्शन पॉइंटरची (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची) यादी. एक फंक्शन इंट घेतं, दुसरं फ्लोट, तिसरं कॅरेक्टर पॉइंटर. पॉइंटर मात्र सगळे रिकाम्या कंसाचे, म्हणजे पॅरामीटर न लिहिलेले. जीसीसी 15 या कंपायलरवर टाकलं आणि 'टू मेनी आर्ग्युमेंट्स'चा एरर आला, कारण सी 23 या भाषेच्या नव्या मानकापासून रिकामा कंस म्हणजे व्हॉइड, एकही पॅरामीटर नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. जुन्या पद्धतीत रिकाम्या कंसातून फ्लोट पाठवला की तो डबल (जास्त बाइटचा दशांश टाइप) होऊन जातो, आणि पलीकडचं फंक्शन फ्लोट समजूनच वाचतं. तापमान 4.5 पाठवावं आणि भलताच आकडा पोचावा! माल शेतकऱ्यांचा आहे, हे चालणार नाही.

पॉइंटर कास्ट करून (दुसऱ्या टाइपचा बनवून) ठेवता येतो, पण कॉल करताना मूळ टाइपवर आणलाच पाहिजे, नाहीतर अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची भाषा हमीच देत नाही. मग सगळ्यांना एकच व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही टाइपच्या डेटाचा पत्ता) देऊन आत स्ट्रक्चर वाचायचं, की युनियन (एकाच जागेत वेगवेगळे टाइप) आणि सोबत कुठला टाइप आहे ते सांगणारा टॅग ठेवून स्विच लावायचा? मला युनियन बरं वाटतं, आर्ग्युमेंटचा टाइप चुकला तर बऱ्याचदा कंपायलर निदान बोलतो तरी. पण कमांड वाढतच चालल्यात. मायक्रोकंट्रोलरवर यातलं काही कुणी वापरलंय का? कोडचा तुकडा टाकलात तर फार मदत होईल.